सर्व्हरचे लॉग बाहेर ठेवताय? आधी वाचणारे मोजा

आमच्या सोसायटीच्या गेटवर एक वही असते. येणाऱ्याने नाव, मोबाइल नंबर, कुठल्या फ्लॅटमध्ये जायचंय ते आणि वेळ लिहायची. लिहिता लिहिता वरच्या दहा ओळी आपोआप वाचून होतात. कुणाकडे कुरिअर आलं, कुणाकडे रोज संध्याकाळी तोच माणूस येतो, सगळं कळतं. वही भरली की वॉचमनच्या केबिनमध्ये, तिथून सेक्रेटरींच्या माळ्यावर आणि दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे. वही हवीच, चोरी झाली तर पहिली तीच उघडतात. पण भरलेल्या वह्या सध्या कुणाकडे आहेत, असं विचारा. कमिटीत सगळे एकमेकांकडे बघतात.

सर्व्हरचा लॉग ही तीच वही. कोण आलं, कुठून आलं, काय मागितलं, काय मिळालं. आणि ही वही दुसऱ्या जागी ठेवावी लागते, यात वाद नाही. सर्व्हरमध्ये घुसलेला माणूस सगळ्यात आधी स्वतःच्या पावलांचे ठसे पुसतो. लॉग त्याच मशिनवर असेल तर पुसायला त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत. शिवाय डिस्क जाते, क्लाउडवरची मशिन्स लोड उतरला की नाहीशी होतात. त्यात भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश आहे: मागच्या १८० दिवसांचे लॉग सुरक्षित ठेवा, मागितले तर द्या.

म्हणून आपण एखादं ट्युटोरियल बघतो, एजंट (लॉग पाठवणारा छोटा प्रोग्राम) बसवतो, लॉग ‘तिकडे’ जायला लागतात आणि आपण निवांत होतो. माझंही तसंच झालं होतं. एका पॅथॉलॉजी लॅबची साइट मी सांभाळायचो. रिपोर्ट तयार झाला की पेशंटला एसएमएसवर लिंक जायची. लिंकमध्येच मोबाइल नंबर आणि रिपोर्टचा क्रमांक. पेशंटने ती उघडली की तो अख्खा पत्ता ॲक्सेस लॉगमध्ये उतरायचा. डेटाबेसला कडक पासवर्ड होता, बॅकअप एन्क्रिप्ट केलेला होता. लॉग मात्र परदेशातल्या एका लॉग-सेवेकडे, फुकटच्या प्लॅनवर, चौघांत मिळून एकच लॉगिन. त्या लॉगमधली कुठलीही ओळ उचलून ब्राउझरमध्ये टाकली की कुणाचा तरी रिपोर्ट उघडत होता. ही सगळी मांडणी माझीच होती, आणि माझ्या लक्षात यायला सात महिने लागले.

पुढचं सगळं त्यानंतर शिकलेलं. ज्यांच्याकडे दोन-चार सर्व्हर आहेत, दोन-तीन माणसं आहेत आणि वेगळा सिक्युरिटी विभाग वगैरे नाही, त्यांच्यासाठी.

पायरी १: एक तास बसून लॉग वाचा

कुठलंही टूल बसवण्याआधी कालच्या दिवसातल्या गर्दीच्या वेळेचा एक तासाचा लॉग घ्या आणि डोळ्यांनी वाचा. ॲक्सेस लॉग, एरर लॉग, ॲप्लिकेशनचा स्वतःचा लॉग, लॉगिनचा लॉग, सगळे. कंटाळवाणं काम आहे, म्हणूनच कुणी करत नाही.

काय सापडेल? आयपी पत्ते आणि वेळ तर असतीलच. त्याखेरीज यूआरएलमध्ये प्रश्नचिन्हानंतर येणारा मजकूर: सर्चमध्ये लोकांनी काय शोधलं, फॉर्म चुकून ‘गेट’ पद्धतीने, म्हणजे मजकूर पत्त्यातच जोडून, पाठवला असेल तर त्यातली नावं-नंबर, पासवर्ड बदलायच्या लिंकमधलं टोकन (तात्पुरत्या किल्लीसारखा मजकूर). रेफररच्या रकान्यात आधीच्या पानाचा पत्ता, म्हणजे तिथलं टोकनही. एरर लॉगमध्ये तर खजिनाच असतो. प्रोग्राम कोसळला की कित्येक फ्रेमवर्क आलेली अख्खी रिक्वेस्ट ओकून टाकतात, हेडर आणि कुकीसकट. डेटाबेसचा डीबग मोड चालू राहिला असेल तर प्रत्येक क्वेरी तिच्यात भरलेल्या माहितीसह.

लॉगिनच्या लॉगमध्ये एक गंमत हमखास सापडते. घाईत माणूस युजरनेमच्या जागी पासवर्ड टाइप करतो. सर्व्हर प्रामाणिकपणे नोंद करतो: ‘अमुक नावाचा युजर अस्तित्वात नाही.’ पुढच्याच ओळीत तोच आयपी, खरं युजरनेम, लॉगिन यशस्वी. दोन ओळी एकाखाली एक वाचल्या की नाव आणि पासवर्डची जोडी तयार.

छोट्यांकडूनच असं होतं असं समजू नका. मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या ३३ कोटींहून अधिक वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला, कारण पासवर्ड हॅश होण्याआधीच (परत न उलगडणाऱ्या सांकेतिक रूपात बदलण्याआधीच) अंतर्गत लॉगमध्ये उघडे लिहिले जात होते. फेसबुकने २०१९ मध्ये तसंच कबूल केलं आणि त्यापायी सप्टेंबर २०२४ मध्ये आयर्लंडच्या डेटा संरक्षण आयोगाने कंपनीला ९.१ कोटी युरोंचा दंड ठोठावला. दोन्हीकडे पासवर्ड साठवायची पद्धत चांगलीच होती. गळती लॉगच्या मोरीतून झाली.

डोळ्यांनी वाचून झालं की ग्रेप, म्हणजे मजकूर शोधायची कमांड, चालवा. सहा ते नऊ यांपैकी एका अंकाने सुरू होणारे दहा अंक म्हणजे बहुधा मोबाइल. सलग बारा अंक म्हणजे आधार असू शकतो. पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर म्हणजे पॅन. ‘ॲट’चं चिन्ह शोधा, ईमेल सापडतील. पासवर्ड, टोकन, ओटीपी, सीक्रेट, ऑथरायझेशन हे शब्द शोधा. आणि ई, वाय, जे या तीन अक्षरांनी सुरू होणाऱ्या लांबच लांब मजकुराच्या पट्ट्या दिसल्या तर ते जेडब्ल्यूटी टोकन, म्हणजे लॉगिन झालेल्याचा पास. मुदत संपलेली नसेल तर ती थेट किल्ली आहे.

सापडलेल्या प्रत्येक प्रकाराची एक ओळ कागदावर लिहा. हा कागद पुढे सगळीकडे लागतो.

पायरी २: गाळायचं ते घरातच गाळा

लॉग-सेवा विकणारे सांगतात, ‘आमच्याकडे मास्किंग आहे, नियम लिहा, नंबर आपोआप झाकले जातील.’ झाकले जातात, पण त्यांच्याकडे पोचल्यावर. तोवर मजकूर तुमच्या घराबाहेर पडलेला असतो. गाळणी तुमच्या मशिनवरच बसली पाहिजे, आणि जमलं तर त्याहून अलीकडे, प्रोग्राममध्ये.

लॅबच्या बाबतीत खरा उपाय लॉगमध्ये नव्हताच. लिंकमधून मोबाइल नंबर काढला, रिपोर्टच्या क्रमांकाऐवजी काही तासांत मरणारं, ओळखता न येणारं टोकन ठेवलं आणि उघडताना ओटीपी मागायला सुरुवात केली. मग लॉगमध्ये लिंक दिसली तरी तिचं करायचं काय? एन्जिनएक्स या वेबसर्व्हरच्या नेहमीच्या ‘कंबाइन्ड’ साच्यात विनंतीची पहिली ओळ प्रश्नचिन्हापुढच्या मजकुरासकट येते. स्वतःचा साचा लिहा, त्यात फक्त मार्ग घ्या, पुढचं सोडा, आणि रेफररचा रकाना खरोखर लागत नसेल तर काढून टाका.

प्रोग्रामच्या लॉगसाठी माझा नियम: ‘हे हे झाका’ अशी यादी करू नका, ‘एवढंच लिहा’ अशी यादी करा. झाकायच्या यादीत नेहमी एखादं नाव राहून जातं. उद्या कुणी तरी फॉर्ममध्ये ‘पालकाचा मोबाइल’ नावाचा नवा रकाना घालतो आणि यादी अपडेट करायला विसरतो. फक्त ठरावीक रकाने लिहायची पद्धत असेल तर विसरलं तरी बिघडत नाही, एखादी माहिती कमी पडते इतकंच.

आता आयपी पत्ता. युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये ब्रायर खटल्यात म्हटलं की बदलता आयपी पत्तासुद्धा वैयक्तिक माहिती ठरू शकतो. साइट चालवणाऱ्याला इंटरनेट कंपनीकडच्या माहितीच्या आधारे माणूस ओळखण्याचा कायदेशीर मार्ग असेल तर. म्हणून बरेच जण आयपीचा हॅश करून ठेवतात आणि ‘अनामिक केला’ म्हणतात. तो अनामिक होत नाही. आयपीव्ही-फोर पत्ते एकूण आहेत सुमारे ४२९ कोटी. साध्या लॅपटॉपवर त्या सगळ्यांचे हॅश काढून उलटं कोष्टक बनवता येतं. गुप्त किल्ली मिसळून हॅश (एचमॅक) करा, ती किल्ली रोज बदला आणि जुनी फेकून द्या, मग अर्थ आहे. त्याहून सोपं म्हणजे पत्त्यातला तिसऱ्या टिंबानंतरचा शेवटचा आकडा शून्य करणं, आयपीव्ही-सिक्समध्ये पहिले ४८ बिट ठेवून उरलेले काढणं.

पण आयपी झाकून काम भागतं असंही नाही. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांच्या तीन महिन्यांच्या सर्चचा लॉग संशोधनासाठी खुला केला होता. नावं काढून नुसते क्रमांक ठेवले होते. पत्रकारांनी काही दिवसांत एका क्रमांकामागची बाई तिच्या घरी जाऊन शोधली, निव्वळ तिने काय काय शोधलं ते वाचून. एका माणसाच्या ओळी एका क्रमांकाखाली गोळा झाल्या की तो क्रमांकच हळूहळू नाव होतो.

इथे एक खरी अडचण आहे. सगळं झाकलं तर हल्ला झाल्यावर शोधणार काय? सर्ट-इनला घटना सहा तासांच्या आत कळवायची असते, आणि तेव्हा ‘शेवटचा आकडा शून्य केलेला आयपी’ देऊन कुणाचंच काम होत नाही. मी दोन प्रवाह करतो. एक पूर्ण, आयपीसकट, पण त्यातही पासवर्ड-टोकन कधीच नाहीत. हा फक्त सुरक्षेसाठी, कुलपात, भारतातल्या जागेवर. दुसरा झाकलेला, डेव्हलपरनी रोज चाळायचा, आलेख काढायचा. रोजच्या कामात शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा दुसराच पुरतो.

पायरी ३: कुणाकडे ठेवायचं

तीन पर्याय असतात. स्वतःचाच दुसरा सर्व्हर, क्लाउडवरची फाइल-साठवण, किंवा तयार लॉग-सेवा. पहिल्यात राबणं जास्त, बाहेरचे वाचणारे कमी. तिसऱ्यात नेमकं उलट. मधला पर्याय छोट्या लोकांना सगळ्यात परवडतो असं माझं मत आहे, पण शोधायला तो गैरसोयीचा आहे हेही खरं.

तयार सेवा घेणार असाल तर त्यांच्या विक्रीच्या माणसाला बाजूला बसवून हे विचारा. डेटा कुठल्या देशात राहतो, आणि बॅकअप कुठल्या देशात? तुमच्या सपोर्टच्या लोकांना माझे लॉग दिसतात का, दिसत असतील तर त्याची नोंद मला बघता येते का? तुम्ही पुढे आणखी कुणाच्या सेवा वापरता? मी अकाउंट बंद केलं तर किती दिवसांत बॅकअपमधूनही पुसलं जातं? आणि मला माझे सगळे लॉग एका झटक्यात परत नेता येतात का? शेवटच्या प्रश्नावर बऱ्याचदा खाकरणं ऐकू येतं. फुकटच्या प्लॅनवर लॉग बहुधा काही दिवसच राहतात, म्हणजे १८० दिवसांची जबाबदारी तुमच्याच गळ्यात.

‘डेटा मुंबई रीजनमध्येच आहे’ हे वाक्य ऐकून हुरळून जाऊ नका. डिस्क मुंबईत असली तरी कंपनी अमेरिकेची असेल तर २०१८ च्या क्लाउड ॲक्टखाली तिथली यंत्रणा, डेटा कुठल्याही देशात असो, कायदेशीर आदेशाने तो मागू शकते. घाबरून जाण्यासारखं यात काही नाही, पण ग्राहकाला ‘डेटा देशाबाहेर कुणी बघू शकत नाही’ असं लिहून देणार असाल तर पेन खाली ठेवा. सर्ट-इनच्या आदेशात लॉग भारताच्या अधिकारक्षेत्रात ठेवा असं म्हटलंय; नंतरच्या प्रश्नोत्तरांत परदेशात ठेवायलाही मुभा दिली, मात्र मागितल्यावर वाजवी वेळात देता आले पाहिजेत. मी तरी पूर्ण प्रत भारतातच ठेवतो. कधीतरी सेवेचं बिल थकलं, अकाउंट गोठलं आणि त्याच आठवड्यात सर्ट-इनचं पत्र आलं, तर कारण ऐकून कोण घेणार?

आणि ‘आम्ही एन्क्रिप्ट करून साठवतो’ याचा अर्थ नीट समजून घ्या. किल्ली त्यांच्याकडे आहे. त्यांच्या गोदामातून डिस्क चोरीला गेली तर ती वाचता येणार नाही, एवढंच ते आश्वासन. सेवेला तुमच्या लॉगमध्ये शोध घ्यायचा तर तिला ते वाचता आलेच पाहिजेत. म्हणून शोधायला लागतात तेवढे, १५ ते ३० दिवसांचे झाकलेले लॉग सेवेकडे ठेवा. बाकीचे स्वतःच्या सार्वजनिक किल्लीने, जीपीजी या एन्क्रिप्शनच्या प्रोग्रामने बंद करून साठवणीत टाका. आधी दाबून लहान करा, मग बंद करा. उलट केलं तर फाइल लहान होत नाही. सर्व्हरवर फक्त बंद करायची किल्ली असते, उघडायची नसते, त्यामुळे सर्व्हर फोडणाऱ्यालाही जुने लॉग वाचता येत नाहीत. उघडायच्या किल्लीच्या दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी, त्यातली एक मालकाच्या लॉकरमध्ये. ती हरवली तर मात्र १८० दिवसांचा दगड सांभाळत बसाल.

वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदाही इथे येतो. लॉग दुसऱ्याकडे ठेवायला दिले म्हणून जबाबदारी त्याच्याकडे जात नाही. ग्राहकाने माहिती तुम्हाला दिली, उत्तर तुम्हीच द्यायचं, आणि त्या दुसऱ्याशी रीतसर करार हवा. पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत मिळाली. त्या नियमांत प्रवेशाचे लॉग ठेवा, ते एक वर्ष जपा असंही आहे. म्हणजे १८० दिवसांवर थांबायचं ठरवलं असेल तर आकडा पुन्हा तपासा आणि वकिलाला एकदा विचारा.

पायरी ४: वाटेतली काळजी

सिसलॉग, म्हणजे लॉग एका मशिनवरून दुसऱ्या मशिनवर पाठवायची पद्धत, ही १९८० च्या दशकातली चीज. एरिक ऑलमन यांनी सेंडमेलसाठी ती केली. त्या काळच्या भोळेपणाने ती अजूनही ५१४ क्रमांकाच्या पोर्टवर (मशिनच्या दारावर), यूडीपीवरून, म्हणजे पोचल्याची पावती न घेता, उघड्या मजकुरात बोलते. वाटेत कुणीही वाचावं, कुणीही दुसऱ्याच्या नावाने ओळ घुसडावी, आणि ओळ हरवली तर कुणाला पत्ताही लागू नये. एकाच खोलीतल्या दोन मशिनमध्ये चाललं असतं, इंटरनेटवरून नाही.

टीएलएस (एन्क्रिप्ट केलेलं कनेक्शन) वापरा, त्यासाठी ६५१४ हे पोर्ट ठरलेलं आहे. आरसिसलॉग या सिसलॉगच्या प्रोग्राममध्ये एक खड्डा आहे: प्रमाणपत्र तपासायच्या सेटिंगला ‘अनॉन’ ठेवलं तर मजकूर एन्क्रिप्ट होतो खरा, पण समोर कोण आहे हे कुणी विचारत नाही. पाकीट चिकटवून पत्ता न बघता कुणाच्याही हातात दिल्यासारखं. नावासकट प्रमाणपत्र तपासायचा पर्याय घ्या आणि दोन्ही बाजूंनी तपासा. प्रमाणपत्रांचा जाच नको असेल तर दोन मशिनमध्ये वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा टाका आणि सिसलॉग त्यातून सोडा. छोट्या मांडणीत मला हेच सोपं वाटतं.

लाइन तुटल्यावर काय होतं हेही ठरवा. रांग डिस्कवर ठेवा, पुन्हा प्रयत्नांची मर्यादा उणे एक करा म्हणजे तो थकणार नाही, आणि रांगेला जास्तीत जास्त जागा किती ते लिहा. नाहीतर लॉगच डिस्क भरून साइट पाडतात. या रांगेच्या फाइल साध्या मजकुरात असतात, त्यांच्या परवानग्या बघा. घड्याळं एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून वेळ घेऊन, जुळवलेली हवीत. सर्ट-इनच्या आदेशात एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा) यांच्या वेळेशी जुळवायला सांगितलंय.

पायरी ५: लिहिणारा, वाचणारा, पुसणारा

सगळ्या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे: लिहायची, वाचायची आणि पुसायची परवानगी एका हातात ठेवू नका. सोसायटीच्या वहीत पाहुणा लिहितो, पण पान फाडू शकत नाही, निदान वॉचमनसमोर तरी.

वेबसर्व्हरवर जी किल्ली आहे तिला फक्त लिहिता यावं. वाचता येऊ नये, यादी बघता येऊ नये, पुसता येऊ नये. इथे बरेच जण एक गोष्ट विसरतात: क्लाउडच्या साठवणीत ‘लिहिणे’ म्हणजे त्याच नावाच्या जुन्या फाइलवर लिहिणेही आलं. पुसायची परवानगी नसलेला चोर रिकामी फाइल त्याच नावाने वर चढवतो आणि लॉग गेला. म्हणून व्हर्जनिंग, म्हणजे जुन्या आवृत्त्या जपायची सोय, चालू हवं.

त्यापुढे ऑब्जेक्ट लॉक येतं, म्हणजे फाइलला ठरावीक मुदतीचं कुलूप. ॲमेझॉनच्या एस-थ्री या क्लाउड साठवणीत त्याच्या दोन तऱ्हा आहेत. ‘गव्हर्नन्स’मध्ये खास परवानगी असलेला माणूस कुलूप काढू शकतो. ‘कम्प्लायन्स’मध्ये मुदत संपेपर्यंत रूट, म्हणजे सर्वोच्च अधिकाराच्या अकाउंटलाही फाइल पुसता येत नाही. ऐकायला दुसरी तऱ्हा दणकट वाटते, पण विचार करा: गाळणीतून चुकून आधार नंबर निसटले आणि लॉग वर्षभरासाठी कुलूपबंद झाले. आता ते तुम्हालाही काढता येणार नाहीत. म्हणून आधी दोन आठवडे गाळणी पारखा, मग गव्हर्नन्सने सुरुवात करा. ही साठवण वेगळ्या क्लाउड अकाउंटमध्ये ठेवा, ज्याचं लॉगिन रोजच्या कामात कुणी वापरत नाही.

वाचणाऱ्यांची यादी करा, नावानिशी. सामायिक ‘ॲडमिन’ लॉगिन आजच बंद. प्रत्येकाचं स्वतःचं, दुहेरी पडताळणीसकट. पूर्ण प्रवाह बघायची गरज पडली तर चार तासांची परवानगी, कारण एका ओळीत लिहून. आणि कोणी काय शोधलं याचाही लॉग ठेवा, जो शोधणाऱ्यांना पुसता येणार नाही. हे ऐकून माणसं दुखावतात, ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असं विचारतात. मी सांगतो, यादीत पहिलं नाव माझं आहे.

आता दार खरंच बंद आहे का ते बाहेरून ढकलून बघा. जानेवारी २०२५ मध्ये विझ या सुरक्षा कंपनीला डीपसीक या चिनी एआय कंपनीचा क्लिकहाऊस डेटाबेस इंटरनेटवर सताड उघडा सापडला, पासवर्डशिवाय. त्यात दहा लाखांहून जास्त लॉगच्या ओळी होत्या, लोकांचं चॅट आणि गुप्त किल्ल्यांसकट. लॉग शोधायला वापरतात त्या इलॅस्टिकसर्चमध्ये सुरक्षा आपोआप चालू येते ती आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे फेब्रुवारी २०२२ नंतर. त्याआधीचं एखादं तुमच्याकडे कोपऱ्यात चालू असेल तर आधी तिकडे जा. लॉग साठवायच्या लोकी या साधनात तर लॉगिनची सोयच नाही. पुढे प्रॉक्सी बसवून ती आपण करायची असते.

ऑफिसच्या वायफायवरून तपासू नका, मोबाइलचा हॉटस्पॉट घ्या. अशा साधनांची ९२००, ५६०१, ३१००, ८१२३ ही पोर्टं आपल्या सर्व्हरच्या पत्त्यावर उघडतात का बघा. डॉकर (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवायचं साधन) वापरत असाल तर विशेष जपून. डॉकरने बाहेर काढलेलं पोर्ट यूएफडब्ल्यू या लिनक्सवरच्या फायरवॉलच्या नियमांना बगल देतं. फायरवॉल ‘बंद’ म्हणते, दार उघडं असतं. लोकल पत्त्याला, १२७.०.०.१ ला, बांधूनच पोर्ट काढा.

पायरी ६: फुटलेल्या प्रती

लॉग एका जागी ठेवला तरी तो तिथेच राहतो असं नाही. ‘सर्व्हर अलर्ट’ नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप बहुतेक ठिकाणी असतो. एरर आली की अख्खा मजकूर तिथे पडतो, पेशंटच्या नंबरसकट, आणि ग्रुपमध्ये दोन वर्षांपूर्वी काम सोडून गेलेला मुलगाही असतो. अलर्टमध्ये फक्त ‘अमुक सेवेत इतक्या एरर, इतक्या वाजता’ एवढंच जाऊ द्या. तपशील बघायला लॉगिन करून यावं. तिकिटांना जोडलेल्या लॉग फाइल, डेव्हलपरच्या लॅपटॉपमधला डाउनलोड फोल्डर, बाहेरच्या कंपनीला ‘जरा बघता का’ म्हणून पाठवलेली झिप, या सगळ्या त्याच वहीच्या झेरॉक्स. अलीकडे एररचा मजकूर एआयच्या चॅटमध्ये चिकटवायची सवय लागली आहे. मलाही आहे. चिकटवण्याआधी पायरी दोनमधली गाळणी हाताने चालवायची एक छोटी स्क्रिप्ट मी टर्मिनलवर ठेवली आहे.

मुदत संपलेले लॉग पुसण्याचं काम माणसावर सोडू नका, साठवणीच्या मुदतीच्या नियमावर सोडा. आणि महिन्यातून एकदा सगळ्यात जुन्या फाइलची तारीख बघा. नियम लावला असं वाटत असतं, प्रत्यक्षात २०१९ ची फाइल निवांत पहुडलेली असते.

पायरी ७: खोटा पेशंट

सगळं लावून झाल्यावर मी एक खोटा माणूस जन्माला घालतो. जगात कुठेच सापडणार नाही असं विचित्र आडनाव, स्वतःच्याच डोमेनवरचा ईमेल, आणि आपल्याच मालकीचा जादा सिमचा नंबर. साइटवर त्याच्या नावाने फॉर्म भरतो, चुकीचा पासवर्ड टाकतो, युजरनेमच्या जागी पासवर्ड टाकतो, सर्चमध्ये त्याचं नाव टाकतो, मुद्दाम एक एरर घडवतो. मग दुसऱ्या दिवशी त्याला शोधायला निघतो: झाकलेल्या प्रवाहात, पूर्ण प्रवाहात, लॉग-सेवेत, रांगेच्या फाइलमध्ये, अलर्टमध्ये, मेलमध्ये.

त्याच दिवशी वेबसर्व्हरवरची किल्ली घेऊन कालची लॉग फाइल वाचायचा, पुसायचा आणि तिच्यावर लिहायचा प्रयत्नही करतो. पहिल्या दोन्हीला ‘परवानगी नाही’ असं उत्तर यायला हवं, तिसऱ्यानंतर जुनी आवृत्ती जागेवर हवी. एक तास केबल काढून ठेवतो आणि परत लावल्यावर त्या तासाच्या ओळी पोचल्या का ते मोजतो.

लॅबमध्ये हा खोटा पेशंट पहिल्यांदा फिरवला तेव्हा झाकलेल्या प्रवाहात तो कुठेच नव्हता. लॉग-सेवेतही नव्हता. मला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी तो ज्या मेलबॉक्सात सापडला तो आधीच्या वेबसाइटवाल्याचा होता; एररची प्रत त्याला पाठवायची एक ओळ जुन्या कॉन्फिगमध्ये कधीपासून तशीच होती. त्याचा फोन आला म्हणून कळलं: ‘अहो, हे विचित्र आडनावाचे पेशंट कोण? आणि तुमचे मेल मला अजून का येतात?’

आता दर तीन महिन्यांनी नवं आडनाव शोधतो.